नजरेला नजर

परवा नांदेडला मावसबहिणीकडे गेलो होतो. तिचा नऊ वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. मी काही विचारलं की तो पंख्याकडे बघत उत्तर देई. "मामाच्या डोळ्यांत बघून बोल," ताई सारखी सांगत होती. लातूरला परतताना बसमध्ये तेच डोक्यात घोळत राहिलं. दोष नेमका कोणाचा मानायचा?

१९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. पुढे काही काळ खापर फुटलं ते आईवर. बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तर आईच थंड, कोरडी ठरवली! हा समज विज्ञानाने केव्हाच टाकून दिला. ताईला मात्र "नोकरी करतेस ना, म्हणून असं" हे अजून ऐकावं लागतं.

मग दोष मुलाकडे गेला. १९८५ साली लंडनमध्ये बाहुल्यांची प्रसिद्ध चाचणी झाली. दुसऱ्याच्या मनातला गैरसमज ओळखायचा होता. २० पैकी १६ ऑटिस्टिक मुलं चुकली. आपल्याकडे २००९ साली सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत भारतीय मापनपट्टी तयार झाली. तिच्या ४० मुद्द्यांतला पहिलाच नजरेचा.

पण २००५ साली विस्कॉन्सिनच्या संशोधकांना मेंदूच्या स्कॅनमध्ये वेगळंच दिसलं. ऑटिस्टिक मुलांची नजर चित्रातल्या डोळ्यांवर जितकी टिके, तितका त्यांचा अमिग्डाला, म्हणजे धोक्याची चाहूल घेणारा भाग, जास्त पेटे. म्हणजे नजर टाळणं हा बेपर्वाईपेक्षा स्वतःला सावरण्याचा प्रकार असू शकतो.

२०१२ साली डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२० च्या एका प्रयोगात कानगोष्टीसारखी एक गोष्ट पुढे पुढे सांगायची होती. ऑटिस्टिक माणसांची साखळी इतरांइतकीच चांगली निघाली, मिश्र साखळी घसरली. २०२५ साली ३११ जणांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही. ऑटिस्टिक साखळी मात्र याही वेळी कमी ठरली नाही.

माझ्या आजीने सासऱ्यांच्या नजरेला कधी नजर दिली नाही. त्याला घरात विनय म्हणत. असो.

त्या दुपारी लाइट गेली. मी भाच्याशेजारी जाऊन बसलो आणि पंख्याकडेच बघू लागलो. "मामा, थांबायच्या आधी किती फेऱ्या घेतो, मोज," तो म्हणाला. माझं मोजणं चुकलं. त्याने न हसता बरोबर आकडा सांगितला.

ताईला फोन करून हे सगळं सांगायचंय. आधी तो पुस्तकाचा भाग सांगेन.