ग्रालची काच कोणाची?

स्वीडनच्या दक्षिणेला, स्मोलांडच्या जंगलातल्या ऑरेफोर्श गावी 1916 साली थरांच्या काचेचा एक नवा प्रकार जन्मला. त्याचे नाव ‘ग्राल’. त्याचे श्रेय सांगताना पहिले नाव येते ते सिमॉन गाटे या चित्रकाराचे आणि काच फुंकणारे क्नुट बर्गक्विस्ट पुष्कळदा ‘साहाय्यक’ म्हणून उरतात. ही वाटणी मला मुळातच चुकीची वाटते. गाटे ऑरेफोर्शच्या काचकारखान्यात आले ते त्याच वर्षी. काचेचे काम त्यांनी आधी केलेले नव्हते. बर्गक्विस्ट मात्र भट्टीवर मुरलेले उस्ताद होते. ग्राल घडते कशी हे पाहिले, की दोघांतला एकही वजा करता येत नाही.

थरांची काच काही नवी नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या रोमन पोर्टलँड कलशावर गडद निळ्या काचेवर पांढरा थर आहे आणि तो कोरून आकृत्या उठवल्या आहेत. फ्रान्समध्ये एमिल गॅले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच वाट पुन्हा चालती केली आणि ऑरेफोर्शमध्येही ग्रालच्या आधी गॅलेंच्या धर्तीची भांडी होत होती. पण त्या साऱ्यांत कोरणे हे शेवटचे काम. काच थंड झाली, की फुंकणाऱ्याचा संबंध संपला. ग्रालने हा क्रम उलटा केला. आधी रंगीत थर चढवलेला जाड, लहान गोळा फुंकायचा, तो हळूहळू निववायचा, त्यावर नक्षी कोरायची किंवा आम्लाने उठवायची. मग तोच गोळा पुन्हा तापवून फुंकणीवर घ्यायचा, त्यावर पारदर्शक काचेचा थर चढवायचा आणि फुंकून पूर्ण आकाराला न्यायचा. त्या आचेत कोरलेल्या कडा वितळून मऊ होतात, नक्षी काचेच्या पोटात तरंगू लागते. गोळा फुगतो तशी रेघही ताणली जाते. ती कुठे किती पसरेल, हे चित्रकाराला कागदावर कळत नाही. ते फुंकणाऱ्याला ठाऊक असते आणि त्या अंदाजानेच नक्षी आखावी लागते. पुन्हा तापवताना आच एकदम लागली तर गोळा तडकतो. थरांच्या काचा तापताना-निवताना सारख्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावल्या नाहीत, तरी तेच. म्हणजे रचनेचा निम्मा विचार भट्टीच्या तोंडाशी होतो.

यावर कोणी म्हणेल, की कलाकाराने स्वतःच फुंकणी हाती घेतली तर हा वादच मिटेल. अमेरिकेत नेमके हेच झाले. 1962 मध्ये टोलीडो इथल्या कार्यशाळांत हार्वे लिटलटन आणि डॉमिनिक लॅबिनो यांनी लहान भट्टी उभारली आणि कारखान्याबाहेर एकट्याने काच फुंकता येते हे दाखवले. ही कामगिरी मी कमी लेखत नाही. हजारो हातांना तिने काच खुली केली. पण तिच्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीतून आलेले डेल चिहूली 1968 साली व्हेनिसमधल्या वेनिनी कारखान्यात गेले, ते तिथली गटाने काम करण्याची रीत घेऊन परतले. पुढे अपघातात एक डोळा गेला, मग खांदाही दुखावला आणि फुंकणी त्यांनी इतरांच्या हाती दिली. तरी त्यांच्या सर्वांत अवाढव्य रचना त्यानंतरच्याच. रेखाटन त्यांचे, पण तापलेल्या काचेजवळचा निर्णय फुंकणाऱ्यांचा. ऑरेफोर्शमध्येही त्याआधी हेच घडले होते: 1930 च्या दशकात ग्रालमधून ‘एरियल’ निघाली. तिच्यात काचेत कोरलेल्या खाचांमध्ये हवा कोंडून चित्र उमटवतात. विकी लिंडस्ट्रँड आणि एडविन ओरस्ट्रॉम या कलाकारांबरोबर तिथे पुन्हा एक फुंकणारा होता, गुस्ताफ बर्गक्विस्ट. संग्रहालयाच्या पाटीवर त्याचे नाव कलाकारांच्या ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहायला हवे.