खरेदीखतातली अट

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींत वंशभेदाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास ऐकू येतो. आपण दोन बॅगा घेऊन या देशात आलो, नोकरी केली, दहा वर्षांत घर घेतले, मुलांना चांगल्या शाळेत घातले. मग जे लोक तीनशे-चारशे वर्षे इथेच आहेत, त्यांना हे का साधू नये? प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो. गुलामगिरी १८६५ साली संपली, नागरी हक्कांचे कायदे १९६४ आणि १९६५ साली झाले, तेव्हा आता उरला असेल तर तुरळक माणसांच्या मनातला द्वेष, असा त्यामागचा हिशेब असतो. या हिशेबातून एक मोठी रक्कम सुटली आहे असे आम्हांस वाटते. ती रक्कम म्हणजे घर.

प्रारंभ एका नाटकापासून करू. लोरेन हॅन्सबेरी यांचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक मार्च १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेले नाटक ब्रॉडवेवर येण्याची ती पहिलीच वेळ. शिकागोतील यंगर कुटुंबाला वडिलांच्या पश्चात विम्याचे दहा हजार डॉलर मिळतात. आई त्यातल्या काही पैशांतून गोऱ्यांच्या वस्तीत घर ठरवते. मग त्या वस्तीतर्फे एक गृहस्थ येतात. ते आवाज चढवत नाहीत, शिवी देत नाहीत. तुम्ही इथे येऊ नका, त्याबद्दल आम्ही तुम्हांला पैसे देतो, एवढेच अदबीने सांगतात.

हा प्रसंग निव्वळ कल्पनेतून आलेला नव्हता. लेखिकेचे वडील कार्ल हॅन्सबेरी यांनी १९३७ साली शिकागोतील गोऱ्यांच्या एका वस्तीत घर घेतले होते. दाराशी जमाव जमला आणि घरावर भिरकावलेल्या दगडातून लहानगी लोरेन थोडक्यात बचावली. त्या भागातील मालकांनी आपली घरे कृष्णवर्णीयांना न विकण्याचा करार आपसांत केलेला होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९४० साली हॅन्सबेरी जिंकले खरे, पण केवळ प्रक्रियेतील दोषामुळे. त्या कराराच्या वैधतेला न्यायालयाने हात लावला नाही. १९४६ साली, कुटुंबाला मेक्सिकोत नेण्याच्या तयारीत असताना, त्यांचे तिथेच निधन झाले.

असे करार आले कोठून? कोणत्या वंशाच्या माणसाने कोणत्या भागात राहावे हे नगरपालिकांनी ठरवू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली दिला. तेव्हा ज्या अटी सरकारी नियमांत घालता येईनात, त्या खाजगी खरेदीखतांत अधिकाधिक घातल्या जाऊ लागल्या. सेंट लुई शहरातील एका रस्त्यावरच्या मालकांनी १९११ सालीच 'निग्रो वा मंगोल' वंशाच्या माणसांना आपल्या घरांत राहण्यास मनाई करणारा करार केला होता. याच करारावरून पुढे 'शेली विरुद्ध क्रेमर' हा प्रसिद्ध खटला उभा राहिला. अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असे १९४८ साली ठरले. या निकालातला एक तपशील बोलका आहे. नऊपैकी तीन न्यायाधीश या खटल्यातून बाजूला झाले. कारण त्यांनी सांगितले नाही. त्यांची स्वतःची घरे अशाच अटींनी बांधलेली असावीत, असा तर्क केला जातो.

इथवरची गोष्ट शेजाऱ्यांची झाली. परंतु याच काळात सरकार स्वतः या व्यवहारात उतरले होते. महामंदीच्या आधी अमेरिकेत गृहकर्ज घ्यायचे तर बहुधा निम्मी किंमत रोख मोजावी लागे आणि उरलेली थोड्या वर्षांत फेडावी लागे. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने बँकांच्या कर्जांना हमी दिली. त्यामुळे थोडी रक्कम भरून वीस-तीस वर्षांच्या मुदतीने घर घेणे साध्या कामगारालाही शक्य झाले. अमेरिकन मध्यमवर्ग घडला तो मोठ्या प्रमाणावर या हमीतून. ही हमी मिळण्याच्या अटी मात्र विलक्षण होत्या. त्या प्रशासनाच्या नियमपुस्तिकेत वंशमिश्रित वस्ती ही जोखीम मानलेली होती आणि खरेदीखतांतील वांशिक अटींची शिफारसही होती. १९३३ साली निघालेल्या दुसऱ्या एका सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवून घेतले: उत्तम भाग हिरवा, त्याखालचा निळा, उतरता पिवळा आणि धोक्याचा लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सरसकट लाल रंगात गेल्या. खरे नुकसान या नकाशांनी किती केले आणि हमी नाकारणाऱ्या नियमांनी किती, याविषयी अलीकडे इतिहासकारांत मतभेद आहेत. पण वस्तीचा वर्ण पाहून पत ठरवली गेली, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

डेट्रॉइटमध्ये याचा पुरावा आजही उभा आहे. १९४१ साली तिथल्या एका विकासकाला गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. पण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असल्याने हमी मिळेना. त्याने दोन्हींच्या मध्ये सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांबीची भिंत बांधली, आणि हमी मिळाली.

महायुद्ध संपले. परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ च्या कायद्याने स्वस्त कर्जाची सोय केली होती. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता, पण कर्ज द्यायचे की नाही हे स्थानिक बँका ठरवीत. मिसिसिपीतील तेरा शहरांच्या १९४७ सालच्या पाहणीत अशा हमीच्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली कर्जे दोन होती. त्याच साली न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन उभे राहू लागले. सतरा हजारांवर घरांच्या या वसाहतीत गोऱ्यांखेरीज इतरांना राहू न देण्याची अट सुरुवातीच्या भाडेपट्ट्यांतच होती. पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये १९५७ साली मायर्स हे पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले, तेव्हा कित्येक रात्री जमाव जमत राहिला.

ज्यांना बँक दारात उभे करीत नव्हती, त्यांनाही डोक्यावर छप्पर हवेच होते. शिकागोत दलाल स्वस्तात घर घेत आणि दुप्पट किमतीला हप्त्याने विकत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाकडेच राही. एक हप्ता चुकला की घरही जाई आणि भरलेले पैसेही. म्हणजे गरीब माणूस घरासाठी श्रीमंतापेक्षा अधिक मोजत होता, आणि हाती काहीच उरत नव्हते.

मार्टिन ल्यूथर किंग १९६६ साली शिकागोत मोर्चा घेऊन निघाले, तेव्हा त्यांच्या डोक्याला दगड लागला. दक्षिणेतही आपण एवढा द्वेष पाहिला नव्हता, असे ते म्हणाले. दोन वर्षांनी, ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची हत्या झाली. काँग्रेसमध्ये अडून राहिलेल्या निवास-समानता कायद्यावर ११ एप्रिलला सही झाली. त्याच्या अंमलबजावणीला पुरेसे दात मात्र १९८८ च्या दुरुस्तीने आले.

कायद्याने पुढचा अन्याय बेकायदा ठरवला. मागच्याचे चक्रवाढ व्याज तो थांबवू शकला नाही. १९५० साली हमीच्या कर्जाने घेतलेल्या घराची किंमत वाढत गेली. त्या घराच्या आधारावर मुलगा कॉलेजात गेला, नातवाला पहिल्या घरासाठी मदत झाली. अमेरिकेत शाळांचा खर्च बराचसा स्थानिक मालमत्ता-करातून भागतो. घरे महाग तिथे शाळाही चांगली. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीनुसार मध्यम स्थितीतील गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर आहे, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४४,९००. आणि जुनी खोड पुरती गेली आहे असेही नाही. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो ग्राहकांना महागडी कर्जे दिल्याच्या आरोपावरून 'कंट्रीवाइड' या कंपनीबाबतचा दावा २०११ साली साडेतेहतीस कोटी डॉलरवर मिटवण्यात आला.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. भारतातून अमेरिकेत जाण्याची वाट खऱ्या अर्थाने खुली झाली ती १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि त्यानंतर तीनच वर्षांत निवास-समानतेचा कायदा आला. बऱ्याच खरेदीखतांतील अटी आशियाई माणसालाही उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या होत्या. सेंट लुईच्या करारातील 'मंगोल' हा शब्द त्याची साक्ष देतो. म्हणजे आपली मंडळी ज्या दारातून आत गेली, ते दुसऱ्यांनी दगड खाऊन उघडलेले होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा इतिहास ज्या भाषेत लिहिला गेला, त्या भाषेच्या माणसांना हे कळायला फार अवघड जाऊ नये.

'आमच्या आजोबांनी घाम गाळून घर घेतले' असे एखादे गोरे कुटुंब सांगते, तेव्हा ते खरेच सांगत असते. घाम दोन्ही आजोबांनी गाळला होता. हमी मात्र एकालाच मिळाली.