अल्पवयीन खुनी आणि सुटकेचा प्रश्न

बालवयात ज्याच्या हातून खून घडला, त्याला शिक्षा भोगत असताना बंधमुक्त करावे काय? पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न 'पॅरोल' या नावाने विचारला जातो. आपल्याकडे पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. घरातील मृत्यू वा आजारपण अशा कारणांसाठी कैद्याला मिळणारी थोड्या दिवसांची मोकळीक. कैदी खरोखर बदलला काय, हे पारखून त्याला मुक्त करणे ही निराळी गोष्ट होय. आमचा विषय ही दुसरी गोष्ट आहे.

मूल अजून घडत असते, हा विचार आपल्या प्रांताला नवा नाही. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने मुलांसाठी सुधारगृह उभे राहिले. १९२४ साली मुंबई इलाख्याचा बालक कायदा झाला. पुढे १९८६ च्या केंद्रीय बालन्याय कायद्याने सोळा वर्षांखालील मुलाला फाशी वा तुरुंगवास देण्यास मनाई केली.

तो कायदा अमलात असतानाच, २६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एकाच कुटुंबातील पाच स्त्रिया व दोन बालके यांची हत्या झाली. मृतांत एक गर्भवती होती. १९९८ साली दोघांना फाशीची शिक्षा झाली व २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यांपैकी एकाने २०१८ साली, गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो, असा अर्ज केला. चौकशीत राजस्थानातील शाळेची नोंद ग्राह्य ठरली. तीनुसार तेव्हा त्याचे वय साडेबारा वर्षे होते. शासनाचा विरोध अमान्य करून २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला. कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येणारा मुलगा अठ्ठावीस वर्षे कारागृहात राहिला होता.

शाळेच्या नोंदीवर माणसाचा जीव अवलंबून असावा, याचे मर्म मेडशीसारख्या गावातील वाचकांना सांगावयास नको. गुरुजींनी अंदाजाने एक जून ही जन्मतारीख लिहिलेली माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत.

परंतु आम्हांला खंत वाटते ती आणखी एका गोष्टीची. या कैद्याने तुरुंगात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. पण सुटला तो जन्मतारखेमुळे. 'तू आता कोण झाला आहेस?' हा प्रश्न त्याच्या सुटकेच्या निवाड्याचा आधार नव्हता. आप्त गमावलेल्यांनाही त्याचे उत्तर मिळाले नाही.

येथे संत मारिया गोरेत्ती हिची आठवण होते. १९०२ साली अकरा वर्षांच्या मारियाला भोसकणारा अलेस्सांद्रो सेरेनेल्ली वीस वर्षांचा होता. इटलीच्या तत्कालीन कायद्याने तो अल्पवयीन ठरला, म्हणून त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. सत्तावीस वर्षांनी तो सुटला व मारियाच्या आईपुढे जाऊन त्याने क्षमा मागितली. तिने ती दिली. सुटका शासनाने केली, क्षमा आईने केली. ही दोन कामे वेगळी आहेत. मृतांच्या आप्तांकडून क्षमा वसूल करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, आणि धर्मगुरूंनाही नाही.

२०१५ च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातील मुलांवर, गुन्हा घृणास्पद असल्यास, प्रौढांप्रमाणे खटला चालविण्यास वाव दिला. मात्र त्यांना फाशी, किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. एकविसाव्या वर्षी बालन्यायालयाने त्यांच्या सुधारणेचे परीक्षण करावयाचे असते. सुधारलेल्यास देखरेखीखाली सोडता येते. अन्यथा उरलेली शिक्षा तुरुंगात भोगावी लागते.

आमच्या मते ही परीक्षा एकदाच न होता ठराविक काळाने पुन्हा पुन्हा व्हावी, आणि तीत पीडित कुटुंबाचे म्हणणेही ऐकले जावे. सुटका हा कोणाचा हक्क म्हणून आपोआप मिळू नये. पण पश्चात्तापाला दारच नाही, असेही होऊ नये. ख्रिस्ताने बंदिवानाच्या भेटीला आपली स्वतःची भेट मानले. म्हणून दार उघडल्यावर बाहेर येणाऱ्याला काम व निवारा देणे हा आपल्या धर्मग्रामांच्या श्रद्धेचा कस आहे.