जास्वंदीवरचं पीठ

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरं काहीतरी दिसलं. आईला हाक मारली. ती चष्मा लावून गॅलरीत आली, वाकली, नखानं जरासं खरवडलं आणि म्हणाली, “पिठ्या आहे गं. फांदी बघ, गिरणीतून आल्यासारखी दिसतेय.”

पिठ्या. कृषी खात्याच्या पत्रकात त्याचं पूर्ण नाव असतं पिठ्या ढेकूण. बोलताना ढेकूण गळतो, पीठ उरतं. हे पीठ म्हणजे संस्कृतातलं ‘पिष्ट’, दळलेलं, कुटलेलं. ढेकूणही जुनाच, प्राकृतात तो ‘ढेंकुण’ म्हणून भेटतो. इंग्रजीतही या किडीला पिठाचाच किडा म्हणतात, त्यामुळे कागदावरचं नाव तिकडून आलेलं असू शकेल. पण आईनं ते कागदावर वाचलेलं नव्हतं. तिनं फांदी पाहिली आणि तिला गिरणी आठवली.

त्या दिवसापासून मला एक नाद लागला. झाडाच्या प्रत्येक दुखण्याचं नाव ऐकलं की ते कुठल्या खोलीतून आलंय ते बघायचं. बहुतेक नावं स्वयंपाकघरातून निघाली. करपा घ्या. शेवंतीची पानं कडेनं काळी पडून वाळतात, तो करपा. भाकरी तव्यावर राहिली की जे होतं तेच. तांबेरा म्हणजे पानामागे तांब्याच्या रंगाची भुकटी. घासायचं राहिलेलं भांडं ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगावं लागत नाही. गुलाबाच्या कोवळ्या पानांवर भुरकट थर बसतो, ती भुरी. मावा पडला की तो चिकट गोड रस सोडतो, त्या रसावर काळी बुरशी धरते आणि पान चुलीवरच्या पातेल्यासारखं होतं. तिला काजळी म्हणतात. दिव्याची काच काळी करते तीच ही काजळी. आणि खवले कीड! भाईंदरच्या बाजारात उत्तनची मासळी येते, तिथे विळीवर उडणारे खवले रोज दिसतात. कढीपत्त्याच्या देठावर तसलेच तपकिरी टवके चिकटलेले असतात, नखानं उचकटावे लागतात.

ही नावं नुसती शोभेची नाहीत, ती उपायही सांगतात. पिठ्याच्या अंगावरची भुकटी मेणाची असते. नुसतं पाणी मारलं तर थेंब घरंगळून जातात. साबणाचं पाणी लागतं, मगच मेण सुटतं. खवले असतील तर जुना टूथब्रश घेऊन घासायचं. तुडतुडे म्हटलं की ते उडी मारणार, पान उलटायच्या आत पसार होणार, हे शब्दाच्या आवाजातच आहे. सत्तरीतल्या चटपटीत माणसाला आपण तुडतुडीत म्हणतो, त्यातलंच हे तुडतुड. फुलकिडे फुलात असतात, म्हणून फूल पांढऱ्या कागदावर हलकेच झटकायचं. कागदावर बारीक काड्या चालायला लागल्या की समजायचं. इंग्रजीत त्यांना ‘थ्रिप्स’ म्हणतात. तो मूळ ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ लाकूड पोखरणारा किडा. आपल्या नावानं निदान पत्ता तरी बरोबर दिला. तोही पुरता नाही, कारण हेच फुलकिडे मिरचीच्या पानांवर गेले की पानं आखडतात, वळतात. त्या दुखण्याला शेतकरी चुरडा-मुरडा म्हणतो. माझ्या मते मराठीतल्या रोगांच्या नावांत याच्याइतकं नेमकं दुसरं नाव नाही. पान हातात घेतलं की शब्द बोटांना कळतो.

आमची बाग म्हणजे भाईंदर पूर्वेच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या अकरा कुंड्या. परसबाग म्हणायला मला जड जातं, कारण परस घरामागे असतं आणि आमचं हे रस्त्याच्या बाजूला ग्रिलमध्ये लटकलंय. बाल्कनीला गॅलरी म्हणायची सवय मुंबईच्या चाळींतून इकडे आली असावी. पण भाईंदरला बागेसाठी स्वतःचा एक शब्द आहे आणि तो कुंड्यांपेक्षा खूप मोठा आहे : आगर. नारळी-पोफळीच्या लागवडीला आगर म्हणतात, आणि भरतीचं पाणी वाफ्यांत कोंडून, उन्हात आटवून मीठ काढतात तेही आगर, मिठागर. लोकलनं नायगावकडे जाताना खाडीच्या अलीकडे ती दिसतात. आगरी लोकांच्या नावातही हेच आगर आहे. अभ्यासक हा शब्द ‘आकर’पर्यंत नेतात. आकर म्हणजे खाण, जिथून काही निघतं ती जागा. समुद्राला रत्नाकर म्हणतो त्यातला. मीठ आणि नारळ या दोन्हींना ‘पीक’ समजणारी ही भाषा आहे. आमच्या कुंड्यांनाही खाडीची आठवण राहते. वारा तिकडून सुटला की मोगऱ्याच्या पानांच्या कडा तपकिरी होतात. करपा म्हणून आई आधी घाबरायची, आता ती पान जिभेला लावून बघते आणि सांगते, “खारं आहे.”

किडींतला एक तर स्वयंपाकघरातला नाहीच. तो कोळी. भाईंदर-उत्तनमध्ये कोळी म्हटलं की आधी माणूसच डोळ्यांपुढे येतो, होडी, जाळं, सुकत घातलेले बोंबील. झाडावरचा लाल कोळी टाचणीच्या टोकापेक्षाही लहान. गेल्या मे महिन्यात मोगऱ्याची पानं फिकट ठिपक्यांनी भरली. पान उलटून उन्हात धरलं तेव्हा शिरांच्या खाचेत इतकं बारीक जाळं दिसलं की फुंकर मारल्यावरच ते हलतंय हे कळलं. संस्कृतात ‘कौलिक’ म्हणजे विणकर, आणि प्राकृतातल्या ‘कोलिअ’चे दोन अर्थ आहेत, विणकर आणि जाळं विणणारा जीव. घरातल्या कोळ्याचं नाव या विणकरावरून आलं. कुंडीतला हा लाल जीव कीटक नाहीच. त्याला आठ पाय असतात, नातं कोळ्याशीच आहे. त्याला जाळ्यावरून ओळखणाऱ्यानं भिंगाशिवाय त्याचं घराणं बरोबर सांगितलं. कोरड्या उन्हात तो फोफावतो, म्हणून पानाच्या पाठीवर सकाळी पाण्याचा फवारा द्यायचा, आठवडाभर रोज.

याउलट फुलांची नावं बघा. ती दुरून आलेली. गुलाब फारसी : गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे गुलाबपाणीच. आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं, मग पाण्यासाठी ‘गुलाबपाणी’ असं पुन्हा पाणी घालावं लागलं. झेंडूशिवाय आपला दसरा होत नाही, पण तो मूळचा मेक्सिकोकडचा, युरोपीय गलबतं समुद्र ओलांडू लागल्यावर इकडे पोचलेला. आल्यावर मात्र आपण त्याला गोंडा म्हणून वेणीच्या टोकाला बांधला. जास्वंदीला लिनियसनं 1753 साली लॅटिनमध्ये चीनचा गुलाब म्हटलं. आमच्या मजल्यावरच्या बेन तिला जासूद म्हणतात, कन्नडमध्ये ती दासवाळ. ही सगळी भावंडं आहेत हे नुसतं ऐकूनही कळतं. संस्कृतातली जपा मात्र वेगळी उभी राहते. आणि मोगरा? तो ‘मुद्गर’. मुद्गर म्हणजे हातोडा, गदा. प्राकृतात मोग्गर झाला, मग मोगरा; ठोकायची लाकडी मोगरी त्याचीच सख्खी. एवढ्या नाजूक फुलाला गदेचं नाव का, हे मला पुस्तकात कळलं नव्हतं. संध्याकाळी, उमलायच्या तासभर आधी कळी देठासकट तोडून बोटांत उभी धरली, तेव्हा कळलं. बारीक दांडा, वर गोल घट्ट डोकं. हुबेहूब मुद्गर.

अबोली तेवढी घरची. न बोलणारी. हे नाव ठेवणाऱ्यानं त्या फुलाला वास नाही हे किती प्रेमानं सांगितलंय.

‘लागणे’ या क्रियापदावर मी बरेच दिवस अडकून होते. झाडाला कळ्या लागतात आणि कीडही लागते. भूक, आग, दृष्ट, जीव, सगळं लागतंच. कीड बाहेरून येऊन झाडाला शिवते, चिकटते, एवढंच ते क्रियापद सांगतं. त्यात शत्रुत्व नाही. शत्रुत्व पुढच्या वाक्यात येतं : औषध मार.

या शब्दाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. ओषधी म्हणजे वनस्पती. वनस्पतीपासून झालं ते औषध. आता आपण वनस्पतीवर विष फवारतो आणि त्याला औषध म्हणतो. दुकानदार औषध म्हणतो, शेतकरी म्हणतो, कुणी ते प्यायलं तर वर्तमानपत्र ‘विषारी औषध’ लिहितं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. नाव विष असतं तर हातमोजे आधी आठवले असते, असं मला वाटतं. चार फुटांच्या गॅलरीत, जिथे शेजारी टॉवेल वाळतात आणि दोन वर्षांचा भाचा कुंडीतली माती तोंडात घालतो, तिथे मी ‘औषध’ हा शब्द वापरायचा सोडला.

आम्ही निंबोळी वापरतो. पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, चिमूटभर साबण घालायचा आणि ऊन उतरल्यावर फवारायची. यालाच पाच टक्के अर्क म्हणतात. शब्द म्हणूनही निंबोळी मला आवडते. संस्कृतातला निंब आपल्याकडे लिंब झाला, न जाऊन ल आला, तसा लांगलाचा नांगर होताना ल जाऊन न आला. झाडाला आपण कडुलिंब म्हणतो, पण त्याच्या फळानं जुना न जपून ठेवलाय.

एका किडीला मात्र घरचं नाव नाही. मोगऱ्याच्या कळीत एक अळी शिरते, आतून खाते आणि कळी न उमलताच जांभळी पडते. पत्रकात तिला ‘कळी पोखरणारी अळी’ म्हणतात. हे नाव नाही, वर्णन झालं. मी तसं म्हणून बघितलं, आई म्हणत नाही. तिनं आपलं क्रियापद काढलंय. सकाळी ती ग्रिलजवळ उभी राहून एकेक कळी बोटानं दाबून बघते, भोकाची खुडून कागदात गुंडाळते आणि आत येऊन सांगते, “आज दोनच जांभळल्यात.”