वडीलधाऱ्यांची शाळा

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें कात्रजचा घाट उतरून भोर तालुक्याच्या हद्दींत शिरलें, कीं वरवे हें नांव वाटेंत लागतें. वरवे दोन आहेत. एक खुर्द व दुसरें बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटें व बुद्रुक म्हणजे थोरलें, एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु बुद्रुक हा शब्द म्हणजे फारसी 'बुजुर्ग' या शब्दाचें मराठी तोंडांत घोळून झालेलें रूप आहे, व बुजुर्ग म्हणजे जसें मोठें तसेंच वडील, वयोवृद्ध, हें सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. ज्या गांवाच्या नांवांतच वडीलपणाचा मान आहे, तेथील व तशा इतर गांवांतील वडील माणसांस आज कोणत्या नव्या शाळेंत बसावें लागत आहे, आणि त्या शाळेचें दार त्यांच्यासाठीं आजवर कितपत उघडें होतें, याचा थोडासा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शाळा म्हणजे संगणकाची व मोबाइलची. हा केवळ हौसेचा विषय आतां राहिलेला नाहीं. १ मे २०१८ रोजीं महाराष्ट्र सरकारनें डिजिटल सहीचा सातबारा उतारा सुरू केला. उताऱ्यावरील सहीसाठीं तलाठ्याची वाट पाहणें त्यामुळें चुकलें, ही मोठीच सोय झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. म्हणजे पूर्वीं जें पीक तलाठी आपल्या वहींत चढवीत असे, तें शेतकऱ्यानें स्वतः खाचराच्या बांधावर उभें राहून मोबाइलमध्यें छायाचित्रासह नोंदवावें. त्याआधीं, १० नोव्हेंबर २०१४ रोजीं, केंद्र सरकारनें 'जीवन प्रमाण' सुरू केलें होतें. त्यायोगें पेन्शन घेणारा मनुष्य हयात असल्याचा दाखला यंत्राद्वारें देतां येऊं लागला. तिन्ही सुधारणा चांगल्या. पण त्यांचा भार कोणावर पडतो तें पाहावें. भोर–वेल्ह्याकडील तरुण पुण्यास किंवा रस्त्यालगतच्या कारखान्यांत कामास जातात. सातबारा ज्याच्या नांवें आहे व बांधावर जो उभा आहे, तो बहुधा साठी ओलांडलेला आजा असतो.

येथें अंगठ्याचा इतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. १८५८ सालीं बंगाल्यांत जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानें एका करारनाम्यावर सहीबरोबर हाताच्या पंजाचा ठसा घेतला. पुढें १८७७ सालीं हुगळीस असतांना त्यानें पेन्शन घेणाऱ्यांच्या बोटांचे ठसे नोंदवून ठेवण्याचा प्रघात पाडला. कारण पेन्शनर वारल्यावरही त्याचे आप्त पेन्शन उचलीत असत. म्हणजे पेन्शनर आणि त्याचा अंगठा यांची गांठ फार जुनी आहे. 'जीवन प्रमाण' ही तिची नवी आवृत्ति म्हणावयाची. हर्शेलला अंगठा ही ओळख वाटली. आमच्या लोकांत मात्र ती लाज झाली. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द कोणास गौरवानें लाविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. जुन्या विवाहनोंदवह्यांत साक्षीदाराच्या नांवापुढें फुली किंवा शाईचा अंगठा दिसतो, तेव्हां तो देणाऱ्याची मान त्या वेळीं किती खालीं गेली असेल, हें नोंदवहीवरून कळत नाहीं.

आतां गोष्ट आणखी पुढें गेली आहे. जन्मभर खुरपें, विळा व जातें धरून ज्या बोटांवरील रेषा झिजून गेल्या, तीं बोटें यंत्रास पुष्कळदां ओळखूं येत नाहींत. अक्षर येत नाहीं म्हणून ज्यांनीं अंगठा पुढें केला, त्यांचा अंगठाही नाकारला जाऊं लागला. २०२१ सालीं 'जीवन प्रमाणा'स चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय जोडण्यांत आली, हें खरें. परंतु तीसाठीं चांगला मोबाइल हवा, आणि तो चालविणारा हातही हवा. तो हात कोणाचा, हाच सारा प्रश्न आहे.

प्रौढांस शिकविण्याची खटपट आपल्या प्रांतांत नवी नाहीं. १९३९ सालीं मुंबई शहरांत प्रौढशिक्षणाची समिती काम करूं लागली होती. परंतु आमच्या मतें खरा मोठा प्रयोग खेड्यांतला, आणि तोही याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकास झाला. सातारा जिल्ह्यांत १९५९ सालीं ग्रामशिक्षण मोहीम निघाली. गांवचे मास्तर व शिकलेले तरुण हे शिक्षक, जेथें जागा मिळेल ती शाळा, आणि मुदत कांहीं महिन्यांची. सारा गांव साक्षर झाला म्हणजे 'ग्रामगौरव' समारंभ व्हावयाचा. नवसाक्षर मंडळी ग्रामदैवतासमोर शपथ घेत. कोणा एकाचें नव्हे, तर गांवाचें नांव पणास लागलेलें असल्यामुळें शेजाऱ्यानें शेजाऱ्यास ओढून आणिलें. १९६१ सालीं ही मोहीम राज्यभर पसरली. तिची उणीवही सांगितली पाहिजे. समारंभ आटोपल्यावर वाचावयास घरांत कांहीं नसे, व लिहावयास कारण नसे; तेव्हां कित्येकांचें शिकलेलें अक्षर गंजून गेलें.

आणखी एक मर्यादा होती, ती वयाची: १४ ते ५० वर्षें. येथपासून आम्हांस हें कुंपण दिसूं लागतें. २ ऑक्टोबर १९७८ रोजीं राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. संकल्प १० कोटी माणसें साक्षर करण्याचा, वय १५ ते ३५. १९८८ सालीं राष्ट्रीय साक्षरता अभियान निघालें. संकल्प ८ कोटींचा, वय पुन्हां १५ ते ३५. संगणक आला तेव्हां कुंपण थोडें लांब सरकलें इतकेंच. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ सालीं स्थापन झालें व त्याचा एमएस-सीआयटी हा वर्ग तालुक्या-तालुक्यांत पोंचला. सरकारी नोकरांस संगणकाची परीक्षा सक्तीची झाली, तेव्हां वयाचीं ५० वर्षें पूर्ण केलेल्यांस तींतून सूट मिळाली. आम्ही स्वतः पन्नाशी ओलांडलेले असल्यामुळें अशा सवलतीची गोडी आम्हांस कळते. परंतु 'तुम्हांस हें साधावयाचें नाहीं' असें गोड शब्दांत सांगण्याचा तो एक प्रकार आहे, हेंही कळतें.

फेब्रुवारी २०१७ मध्यें प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानास मंजुरी मिळाली. ६ कोटी ग्रामीण कुटुंबें, दर कुटुंबामागें एक माणूस, आणि २० तासांचें शिक्षण: यंत्र चालविणें, ई-मेल पाठविणें, सरकारी सेवा घेणें, रोकडीवांचून व्यवहार करणें. ३१ मार्च २०२४ रोजीं तें संपलें, तोंवर ६ कोटी ३९ लाख लोकांस शिक्षण दिल्याची सरकारी नोंद आहे. आंकडा थोर आहे. परंतु वयाची अट १४ ते ६० अशी असल्यामुळें नियमाप्रमाणें त्यांत साठीपुढच्यास जागाच नव्हती. २०११ च्या जनगणनेच्या वेळींच महाराष्ट्रांत साठ वर्षें व त्यापुढील माणसें एक कोटीहून अधिक होतीं.

कुंपण घालणाऱ्यांस आम्ही निर्दय म्हणणार नाहीं. पैसा थोडा, माणसें फार. ज्याला पुढें तीस वर्षें काम करावयाचें आहे त्याच्यावर आधीं खर्च करावा, हा हिशेब १९७८ सालीं समजण्यासारखा होता. त्या काळीं म्हाताऱ्याचें अक्षरावांचून फारसें अडतही नसे. पत्र पोस्टमन वाचून दाखवी, उतारा तलाठी लिही, पैसे बँकेंतला कारकून मोजून देई. समोर माणूस असे, व माणसाशीं बोलावयास साक्षरता लागत नाहीं. २०१७ पर्यंत तीं माणसें एकेक करून खिडकीमागून उठलीं व त्यांच्या जागीं यंत्रें बसलीं. कामें म्हाताऱ्यांकडे आलीं. कुंपण मात्र जुन्या हिशेबानेंच राहिलें.

कुंपणाबाहेर काय घडूं शकतें, तें पाहण्यास आतां कोंकणपट्टींत उतरलें पाहिजे. ठाणें जिल्ह्यांत मुरबाड तालुक्यांत फांगणे नांवाचें लहानसें खेडें आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कानीं शिवजयंतीच्या सुमारास कांहीं वृद्ध बायकांचे शब्द पडले. गांवांत वाचन चालू असतां, आपणांसही वाचतां आलें असतें तर किती बरें झालें असतें, असें त्या म्हणत होत्या. पुष्कळांनीं असे शब्द ऐकून सोडून दिले असते. बांगर गुरुजींनीं सोडले नाहींत. ८ मार्च २०१६ रोजीं, महिला दिनाच्या मुहूर्तावर, मोतीराम दलाल धर्मादाय न्यासाच्या साहाय्यानें तेथें 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. विद्यार्थिनींचें वय साठ ते नव्वद. गणवेश गुलाबी नऊवारी लुगडें, हातांत पाटी, पाठीवर दप्तर. वेळ दुपारीं दोन ते चार. कारण सकाळीं घरचें व शेताचें काम, सांजेस चूल, आणि मधले दोन तास तेवढे त्यांचे स्वतःचे. धुळाक्षरांपासून आरंभ झाला. आजी अभ्यासास बसल्या, आणि शाळेंत जाणारीं नातवंडें त्यांस मदत करूं लागलीं.

त्या लुगड्याकडे कोणी पोरखेळ म्हणून पाहील. आम्हांस तें त्या शाळेंतील सर्वांत शहाणपणाचें कलम वाटतें. एकटी म्हातारी पाटी घेऊन निघाली तर गांवांत हंसें होतें. सगळ्याजणी एकाच लुगड्यांत निघाल्या म्हणजे ती शाळा होते. ज्या वयांत शिकण्याच्या आड बुद्धीपेक्षां लाजच अधिक येते, त्या वयांत हा भेद लहान नव्हे. फांगण्याच्या ज्या आजीबाई बँकेंत अंगठा देत असत, त्यांतील कित्येक सही करूं लागल्या. ती सही वांकडीतिकडी असेल, पण त्या कागदावर आपण काय देत आहों हें विचारण्याचें धैर्य तिच्याबरोबर येतें.

फांगण्यास संगणक नव्हता, पाटीच होती, हें आम्ही विसरलों नाहीं. तरी संगणकाच्या वर्गासही हाच धडा लागू पडतो, याचा दाखला दूरदेशीं मिळतो. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठांत मेरी फर्लाँग या विदुषीनें १९८६ सालीं, वृद्धांस संगणकाचा उपयोग होईल काय, हें पाहण्यासाठीं एक संशोधन आरंभिलें. घरोघरीं संगणक येण्यास अद्याप पुष्कळ अवकाश होता. त्या कामांतून 'सीनियरनेट' ही संस्था उभी राहिली व तिचीं शिक्षणकेंद्रें निघालीं. त्यांची खुबी अशी, कीं शिकविणारे स्वयंसेवकही बहुधा शिकणाऱ्यांच्याच वयाचे. तरुण मास्तर चटकन बोट फिरवून काम उरकतो व 'पाहिलेंत ना?' असें विचारतो. पाहणाऱ्यानें कांहींच पाहिलेलें नसतें. समवयस्कास हात कोठें थबकतो तें ठाऊक असतें. आपल्या राज्यांत ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, फेस्कॉम, १९८० सालीं स्थापन झाला, आणि अशा संघांपैकीं कित्येकांनीं मोबाइल शिकविण्याचे वर्ग भरविले आहेत. पण संघ हे बहुशः शहरांतले, पेन्शनरांचे. खाचरावरच्या आजोबांपर्यंत ते क्वचितच पोंचतात.

इंग्रजी येत नाहीं, मग हें यंत्र कसें यावें, ही सबब आम्हीं वारंवार ऐकिली आहे. ती आतां खरी राहिलेली नाहीं. पुण्यांतच १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि भारतीय लिप्या संगणकावर उमटविण्याच्या कामांत तिचा मोठा वांटा आहे. 'इन्स्क्रिप्ट' नांवाची जी कळफलकाची मांडणी १९९१ सालीं प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली, ती आमच्या वर्णमालेवरच बेतलेली आहे: स्वर डाव्या हातास, व्यंजनें बहुतेक उजव्या; ज्या कळीवर क त्याच कळीवर वरच्या बाजूस ख, ग तेथें घ, त तेथें थ. ज्यानें लहानपणीं बाराखडी घोकली, त्याला हा कळफलक परका नव्हे. उलट इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्या नातवासच तो अवघड जातो. आणि ज्यास बाराखडीही येत नाहीं, त्यानें मोबाइलशीं मराठींत बोललें तरी तो आतां लिहून घेतो.

तेव्हां अडचण यंत्रांत थोडी व मांडणींत अधिक. घरीं नातू असतो, तो काम करून देतो, ही गोष्ट गोड आहे. परंतु पेन्शनीचा गुप्त अंक नातवापाशीं, बँकेचा संदेश नातवाच्या मोबाइलवर, आणि आजोबा मात्र 'झालें का रे?' असें विचारीत ओट्यावर, ही स्थिति अंगठ्याच्या काळाहून निराळी नाहीं. नातू भला असला तरी नाहीं. बाहेरून दूरध्वनि करून, बँकेंतून बोलतों असें सांगून गुप्त अंक काढून घेणारे भामटे तर अशाच माणसांच्या शोधांत असतात. म्हणून वृद्धांच्या वर्गांत पहिला पाठ कोणता घ्यावा असें कोणी विचारल्यास, कोणता अंक कोणासही सांगावयाचा नाहीं, हा घ्यावा असें आम्ही म्हणूं. छायाचित्रें पाहणें व मुंबईच्या लेकीचा चेहरा पडद्यावर बोलतांना पाहणें हा दुसरा. दुसऱ्याच्या ओढीनेंच पहिल्यास विद्यार्थी मिळतील, हें वेगळें.

२०२२ सालीं आलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमानें, ज्यास 'उल्लास' म्हणतात, वयाचें वरचें कुंपण काढून टाकिलें: १५ वर्षें व त्यापुढील कोणीही. डिजिटल साक्षरतेचाही त्याच्या उद्देशांत समावेश आहे, व शिकविण्याचें काम स्वयंसेवकांवर सोंपविलें आहे. १७ मार्च २०२४ रोजीं महाराष्ट्रांत त्याची परीक्षा झाली, आणि सत्तरी गांठलेलीं माणसेंही बांकावर येऊन बसलीं. परीक्षा १५० गुणांची. वाचनास ५०, लेखनास ५० व अंकगणितास ५०. मोबाइलला त्यांत गुण नाहींत. तो पाठ अजून ज्याच्या त्याच्या ओट्यावर, दुपारीं दोन ते चार, कोणीतरी घ्यावयाचा आहे.