मुलांबरोबर घरगुती खेळ आणि छोट्या सहली: किती, कशा आणि काय काळजी घ्यावी?

दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीन तरी आई-बाबा एकच तक्रार घेऊन येतात. "डॉक्टर, हा नीट जेवत नाही, रात्री लवकर झोपत नाही, सारखी चिडचिड करतो. एखादे टॉनिक लिहून द्या." मी मुलाला तपासतो. वजन, उंची, डोळ्यांखालचा आणि नखांचा फिकेपणा पाहतो, गरज वाटली तर रक्त तपासायला सांगतो. बऱ्याचदा सगळे ठीक निघते. मग मी विचारतो, "काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत याने काय काय केले?" शाळा, क्लास, गृहपाठ आणि मोबाइल, एवढ्यात उत्तर संपते. अशा मुलाला टॉनिकची नव्हे, धावपळीची गरज असते. दमलेल्या मुलाला भूकही लागते आणि झोपही येते.

किती वेळ खेळायला हवे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी थोडक्यात अशा आहेत:

- 1 ते 4 वर्षे: दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे हालचाल. 3 वर्षांनंतर त्यातली 60 मिनिटे धाप लागेल अशा खेळाची असावीत.
- 5 ते 17 वर्षे: रोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार व्यायाम. आठवड्यातून किमान 3 दिवस हाडे आणि स्नायू बळकट करणारे खेळ, म्हणजे उड्या मारणे, चढणे, धावणे.
- स्क्रीन: 2 वर्षांखालील मुलांना मोबाइल-टीव्ही नको. 2 ते 4 वर्षे वयात दिवसाला 1 तासापेक्षा जास्त नको.

हा एक तास सलग मिळायला हवा असे नाही. सकाळी 15 मिनिटे, संध्याकाळी 45 मिनिटे असे तुकडे केले तरी चालतात.

उघड्यावर खेळण्याचा फायदा

घरात नाचले तरी व्यायाम होतो, पण बाहेरच्या उजेडाचा डोळ्यांना वेगळा फायदा आहे. रोज सुमारे 2 तास बाहेर घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचे अंधुक दिसण्याचा दोष, म्हणजे मायनस नंबर, सुरू होण्याचे प्रमाण कमी आढळते. नंबर आधीच लागला असेल तर बाहेर खेळल्याने चष्मा जात नाही, हेही लक्षात ठेवा. त्वचेवर ऊन पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा त्यासाठी उपयोग होत नाही.

बिनखर्चाचे घरगुती खेळ

"वेळच मिळत नाही" ही अडचण खरी आहे. कामावरून सात वाजता परतणाऱ्या आई-बाबांना रोज मैदानावर जा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी हे पर्याय:

- जेवणानंतरची 20 मिनिटे: पत्त्यांत बदाम सात किंवा भिकार-सावकार, नाही तर सापशिडी किंवा कॅरम. हरणे सहन करणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे मूल इथे शिकते. मुद्दाम दर वेळी त्याला जिंकू देऊ नका.
- नाव-गाव-फळ-फूल आणि भेंड्या: प्रवासात, लाइट गेल्यावर, रांगेत उभे असतानाही खेळता येते. आजी-आजोबाही यात सहज सामील होतात.
- स्वयंपाकघरातली मदत: मटार सोलणे, कणकेचे गोळे करणे, लाडू वळणे, भेळ कालवणे. स्वतः केलेला पदार्थ मूल निदान चाखून तरी पाहते. चाकू आणि गॅसपाशी मात्र मोठे माणूस हवेच.
- कुंडीतली मेथी: पसरट कुंडीत मेथीदाणे पेरा. तीन-चार दिवसांत कोंब दिसू लागतात, त्यामुळे मुलाचा उत्साह टिकतो. दिवाळीत किल्ला केलात तर त्यावर हळीव किंवा मोहरी पेरा.
- चंद्राची वही: पंधरा दिवस रोज गच्चीवरून किंवा खिडकीतून चंद्राचा आकार पाहून वहीत काढायचा. अमावस्येच्या सुमारास तो का दिसत नाही, हे मूल आपणहून विचारते.

सोसायटीच्या आवारात किंवा गल्लीत चार मुले जमली की लगोरी, लंगडी, लपंडाव, डोंगर का पाणी पुरेसे आहेत. लंगडीने तोल आणि पायातली ताकद वाढते, लगोरीने नेम आणि चपळाई. तुम्हीही खेळा. बाकावर बसून "पळ, पळ" म्हणणाऱ्या बाबांपेक्षा आउट होणारे बाबा मुलांना जास्त आवडतात.

छोटी सहल कशी आखावी?

सहल म्हटले की हॉटेल, गाडी आणि मोठा खर्च डोळ्यांसमोर येतो. लहान मुलाला त्याची गरज नसते. पाच वर्षांच्या मुलासाठी एसटीचा किंवा लोकलचा खिडकीजवळचा प्रवास हीच अर्धी सहल असते. पुण्यात पर्वतीच्या पायऱ्या किंवा कात्रजचे प्राणीसंग्रहालय, मुंबईत भायखळ्याची राणीची बाग, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी, पनवेलजवळचे कर्नाळा, कोल्हापुरात रंकाळा, नागपुरात अंबाझरी तलाव ही सगळी अर्ध्या दिवसात होण्यासारखी ठिकाणे आहेत. हिवाळ्यात नाशिकजवळ नांदूर मध्यमेश्वरला किंवा उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला पाहुणे पक्षी येतात. गावाकडे शेत असेल तर याहून चांगली जागा नाही.

आखणी करताना तीन गोष्टी पाहा:

1. एका दिवशी एकच ठिकाण. तीन ठिकाणे "उरकायची" ठरवली की मूल रडकुंडीला येते आणि मोठ्यांचाही दिवस बिघडतो.
2. सर्वांत लहान मुलाच्या झेपेनुसार अंतर. चार वर्षांचे मूल सपाटीवर एक-दीड किलोमीटर रमतगमत चालते. गड चढायचा असेल तर उतरण्याइतकी ताकद उरेल, असा विचार करून परत फिरा.
3. वेळ सकाळची. मार्च ते जूनमध्ये सकाळी अकराच्या आत सावलीत पोहोचा. दुपारी 12 ते 4 उन्हात फिरणे टाळा.

पिशवीत काय असावे?

घरचे भरपूर पाणी, टोपी, जादा कपड्यांचा जोड, साबण, ओआरएसची पाकिटे, पॅरासिटॅमॉल (मुलाच्या वजनानुसार मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या), मलमपट्टी आणि नेहमीची औषधे. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात, सगळे एकदम विरघळवा. मोठे पाकीट 1 लिटरचे असते. अर्धे पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नका. पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या.

खाण्यासाठी पोळीचा लाडू, दशमी, केळी, धपाटे असे टिकणारे पदार्थ न्या. 4 वर्षांखालील मुलांना शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे देऊ नका. ती श्वासनलिकेत अडकू शकतात. धावत्या गाडीत तर मुळीच नको.

प्रवासात उलटी होत असेल तर

निघण्यापूर्वी पोट रिकामेही नको आणि तुडुंबही नको. मुलाला मोबाइल किंवा पुस्तक देऊ नका, समोरचा रस्ता पाहू द्या, खिडकी थोडी उघडी ठेवा. घाटाआधी थांबा घ्या. उलटीचे औषध शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून देऊ नका.

पाण्याजवळ: माझी स्वतःची चूक

काही वर्षांपूर्वी एका धरणाच्या काठावर मी घरच्यांचा फोटो काढत होतो. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि गुडघाभर पाण्यात उभी होती. मी मोबाइलच्या पडद्यात सगळे मावतात का ते पाहत असताना ती घसरली. ती ओरडली नाही. पाणी फार उडाल्याचा आवाजही आला नाही. जवळ उभ्या असलेल्या पुतण्याने तिला दंडाला धरून वर काढले. मी डॉक्टर, पाच पावलांवर उभा, आणि मला कळलेच नाही.

बुडणारे मूल हाका मारत नाही, कारण तोंड पाण्यात असते. म्हणून पाण्याजवळ एका मोठ्या माणसाने फक्त मुलांकडे पाहायचे, हात पोहोचेल इतक्या अंतरावर राहायचे आणि फोन पिशवीत ठेवायचा. पावसाळ्यात धबधब्याखाली आणि ओढ्यात मुलांना नेऊच नका. वर डोंगरात पाऊस झाला की पाणी काही मिनिटांत वाढते.

इतर धोके आणि प्रथमोपचार

- कुत्रा किंवा माकड चावले, ओरखडले: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.
- साप चावला: मुलाला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा. कापू, चोखू किंवा आवळून बांधू नका. थेट रुग्णालय गाठा.
- मधमाश्या: लेण्यांत आणि गडांवर पोळी असतात. तिथे धूर, उग्र अत्तर, दगडफेक टाळा.
- उष्माघात: अंग तापलेले आणि मूल बरळते, झोपाळते किंवा झटके येतात. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका.
- चिखलपाण्यात खेळणे: पायाला जखम असेल तर जाऊ देऊ नका. नंतर साबणाने पाय धुवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना त्या पाण्याबद्दल आवर्जून सांगा, म्हणजे लेप्टोचा विचार करता येतो.

दमा, फिट्स किंवा मधुमेह असलेल्या मुलांनी खेळावे का?

होय. आजार आटोक्यात असेल तर त्यांनीही खेळायलाच हवे. दमा असलेल्या मुलाचा पंप आणि स्पेसर पिशवीत नव्हे, हाताशी ठेवा. खेळताना धाप लागत असेल तर आधी पंप घ्यावा का, हे डॉक्टरांना विचारा. फिट्स येणाऱ्या मुलाने एकट्याने पोहू नये आणि उंचावर चढू नये. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाबरोबर ग्लुकोज आणि साखर तपासण्याचे यंत्र असावे. हृदयाचा जन्मजात आजार असेल तर गड चढण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी घ्या.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

खेळताना मूल बेशुद्ध पडले, छातीत दुखते म्हणाले, ओठ निळे पडले, किंवा बरोबरीच्या मुलांपेक्षा फार लवकर दमू लागले तर "आळशी आहे" म्हणून सोडून देऊ नका. तपासणी करून घ्या.

बाकी मुलांसाठी या रविवारी एक तास काढा. पत्ते काढा, नाही तर चप्पल घाला आणि जवळच्या टेकडीवर जा. त्या रात्री मूल किती वाजता झोपते, तेवढे पाहा.