गर्भावस्थेतील औषधे आणि पुराव्याचा अर्थ

थॅलिडोमाइड हे शामक औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आले. गर्भवतींनाही ते निर्धोक असल्याचा समज रूढ झाला. त्यामागे गर्भावरील परिणामांच्या परीक्षणाचा आधार नव्हता. १९६१ च्या अखेरीस जर्मनीत विडुकिंड लेंझ व ऑस्ट्रेलियात विल्यम मॅक्‌ब्राइड यांनी नवजात बालकांच्या अवयवव्यंगांशी त्याचा संबंध जोडला. ‘अपायाचा पुरावा नाही’ या विधानाचा ‘अपाय नाही’ असा अर्थ घेतला गेला होता.

पुढे याच्या उलट प्रमाद घडला. गर्भिणीच्या मळमळीवर बेंडेक्टिन हे औषध अमेरिकेत १९५६ पासून प्रचारात होते. वस्तुतः औषधाविनाही सुमारे ३ टक्के बालके व्यंगासह जन्मतात. म्हणून लाखो स्त्रिया घेत असलेल्या औषधासोबत असे जन्म आढळणे अटळच होय. तथापि या साहचर्यालाच कारण मानून दावे गुदरले गेले. औषध न घेणाऱ्या स्त्रियांशी केलेल्या तुलनेतून वाढीव धोका सिद्ध झाला नाही. तरीही १९८३ साली उत्पादकाने औषध मागे घेतले. त्यानंतर व्यंगांचे प्रमाण घटले नाही. अतिवमनामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या गर्भवतींचे प्रमाण मात्र वाढले. २०१३ साली त्याच घटकांच्या औषधास तेथे पुन्हा मान्यता मिळाली.

बेंडेक्टिनविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत मॅक्‌ब्राइडही होते. अन्य औषधावरील संशोधनात केलेल्या फेरफारामुळे १९९३ साली त्यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. एक शंका खरी ठरली, म्हणून दुसरी सिद्ध होत नाही. औषध घेण्यातील आणि न घेण्यातील, असे दोन्ही धोके तोलल्यावरच ‘निर्धोक’ या शब्दाला अर्थ प्राप्त होतो.